पंपाचा फ्यूज

बाबांना गाडीतला पिवळा दिवा दिसत नाही, हे मला कळलं तेव्हा आम्ही निर्मलहून परत येत होतो. हायवे सोडून गाडी बोथच्या रस्त्याला लागली होती. दिवा इंजिनचा होता, स्टीअरिंगच्या मागे, त्यांच्या अगदी डोळ्यांसमोर लागलेला. मी बाजूला बसले होते. म्हटलं, "बाबा, हा लाईट कधीपासून लागला?"

"कोनता लाईट?" बाबांनी खाली पाहिलं. थेट त्या दिव्याकडेच पाहिलं आणि म्हणाले, "कुठी हाय? काईच तं नाही."

मला वाटलं, माझी फिरकी घेताहेत. तशी त्यांना खोड आहे. पण ते खरोखर शोधत होते, डोळे बारीक करून, मान पुढे काढून, आणि त्या नादात पुढचा स्पीडब्रेकरही त्यांना दिसला नाही. गाडी दणकन उडाली. मागे बसलेल्या आईचं डोकं छताला लागलं. "रस्ते पाह्य कसे करून ठेवले यायनं," बाबा म्हणाले. रस्त्याचा काही दोष नव्हता, पण आई डोकं चोळत "हो ना" म्हणाली आणि मीही मान हलवली.

माझ्या नवऱ्याची नोकरी निर्मलला आणि माझी शाळा बोथजवळ, म्हणून आठवडाभर मी माहेरीच असते. मराठी माध्यमाच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. बाबा तहसील कचेरीत कारकून होते. आजोबा दुसऱ्याच्या शेतावर सालगडी होते, त्यामुळे खुर्चीवर बसून पगार घेणारे आमच्या घरातले बाबा पहिले. रिटायर व्हायच्या आधी त्यांनी ही पांढरी सेकंडहँड गाडी घेतली, तीही आमच्या वस्तीतली पहिली चारचाकी. आता गाडीचं वय झालंय. आज हा दिवा लागतो, उद्या तो.

ही गाडी मेकॅनिककडे क्वचितच गेली. ती आमच्या अंगणात, कडुलिंबाखाली, आम्ही दोघांनी मिळून चालू ठेवली. जन्म कचेरीत गेल्यामुळे बाबा बिघाडालाही मिसल, म्हणजे खटल्याची फाईल समजतात. आधी मुआयना, मग जबाब, मग निकाल. मुआयना म्हणजे बॉनेट उघडून प्रत्येक वायर बोटानं चाचपायची. जबाब म्हणजे चावी अर्धी फिरवून, मान तिरकी करून ऐकत बसायचं. चावी फिरली की मागच्या सीटखाली पेट्रोलचा पंप क्षणभर गुणगुणतो. तेवढं ऐकलं की बाबा हजेरी घेतल्यासारखे म्हणायचे, "हां, हाजर हाय." मग पुढची चौकशी.

माझी पद्धत वेगळी. मी ऑनलाईन एक काडेपेटीएवढं यंत्र मागवलं होतं. ते स्टीअरिंगखालच्या खाचेत बसवलं की गाडीच्या पोटातलं दुखणं मोबाईलवर आकड्यांत दिसतं. बाबांना आधी त्याचा रागच आला. "गाडीले इचाराचं सोडून फोनले इचारतं काय?" म्हणाले. पण पुढे त्यांनाही गोडी लागली. एकदा एअरबॅगचा लाल दिवा लागला. यंत्र म्हणालं, ड्रायव्हरच्या सीटखालची जोडणी पाहा. आम्ही बापलेक सीटखाली डोकं घालून बसलो तर आईनं तिथे छत्री कोंबलेली, आणि त्या छत्रीनं वायरीचा प्लग ढिला केलेला. आई म्हणाली, "मंग छत्री कुठी ठेवू, डोक्यावर?" उंदरांनी वायर कुरतडू नये म्हणून बॉनेटमध्ये तंबाखूच्या पुड्या ठेवायची युक्तीही आईचीच. बाबांचं सगळं सामान खाऱ्या बिस्किटांच्या एका जुन्या डब्यात असायचं: टेस्टर, काळी टेप, बल्ब, रंगीबेरंगी फ्यूज. त्या डब्याला दुसऱ्यानं हात लावलेला त्यांना खपायचा नाही.

गाडीच्या बाबतीत एकाच गोष्टीवर ते खरे चिडायचे. शेजारच्या एका टॅक्सीवाल्यानं सतत लागणाऱ्या दिव्यावर काळी टेप चिकटवली होती. बाबांनी त्याला रस्त्यात थांबवून झापलं. "गाडी खरं बोलून राह्यली अन् तू तिचं तोंड दाबून राह्यला? अरे, मानूस खोटं बोलते, गाडी नाही बोलत." मला गाडी शिकवतानाही हेच सांगितलं होतं. दिवा लागला की थांबायचं, काय म्हणते ते ऐकायचं.

त्या पिवळ्या दिव्यानंतर आदिलाबादच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी आम्हा तिघांसमोर सांगितलं की साखरेमुळे डोळ्यांचे पडदे खराब झालेत, आता गाडी चालवायची नाही. परतीच्या बसमध्ये बाबा खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "डॉक्टर लोक उगीच भेव दाखवतेत." आईनं डबा उघडला आणि आम्ही पोळी-भाजी खाल्ली. दुसऱ्या दिवशी बाबा गाडी घेऊन भाजी आणायला गेले.

आमच्या घरात बाबांना नाही म्हणायची रीतच नाही. ते रागीट आहेत म्हणून नव्हे, रागीट मी आहे. माझा आवाज चढला की शेजारच्या वर्गातली मुलंसुद्धा वह्या उघडतात. पण ज्यांनी आजोबांच्या हातातले दुसऱ्याचे बैल सोडवून आम्हाला इथवर आणलं, त्यांना 'तुम्हाला आता हे जमत नाही' असं कोणत्या तोंडानं सांगायचं? आई म्हणायची, "तू सांग, तू शिकेल हायेस." मी म्हणायची, "तू बायको हायेस, तू सांग." असं आम्ही ते काम एकमेकींच्या पदरात टाकत राहिलो.

आणि चौदा एप्रिलची जयंती जवळ आली.

आमच्या वस्तीची मिरवणूक विहारापासून निघते आणि बाजारातून फिरून परत विहाराशी येते. पूर्वी तसबीर बैलगाडीवर ठेवायचे. बैलगाडी गावातल्या मोठ्या शेतकऱ्याकडून मागून आणावी लागायची. कधी मिळायची, कधी ऐन सकाळी 'बैल दमले' असा निरोप यायचा. मग तसबीर कुणीतरी डोक्यावर धरायचं. बाबांनी गाडी घेतली त्या वर्षापासून मागणं बंद झालं. टपावर चौकट बांधायची, झेंडूच्या माळा सोडायच्या, दोन्ही बाजूंना निळे झेंडे लावायचे, आणि चाकाशी बाबा. त्या दिवशी ते इस्त्रीचा पांढरा सदरा घालतात आणि ताठ बसतात. वर्षभर ते कुणाचे तरी कारकून असायचे. त्या दिवशी ते कुणाचेच नसायचे.

पण गाडीच्या पुढे पोरं नाचतात. झेंडे घेऊन गाडी आणि ढोलवाल्यांच्या मधून धावतात, गाडीवरून पडलेली फुलं वेचायला वाकतात. गेल्या वर्षी एका लहानग्याची चप्पल चाकाखाली आली होती. नुसती चप्पल. सगळे हसले, बाबाही हसले, मीही. यंदा ती चप्पल मला सारखी आठवत होती. गेल्या वर्षीही बाबांना ती दिसली नसेल, असं आता वाटत होतं.

मी एकदा धीर केला. "बाबा, यंदा गाडी मी चालवू काय?"

"काऊन? मले काय झालं?"

"नाही, ऊन लय हाय म्हनून म्हटलं."

"उनाले मी काय नवा हाय?" बाबा म्हणाले आणि पंखा पुसायला लागले. गाडीचा पंखा, कारण मिरवणुकीत गाडी पायी चालल्यासारखी चालते आणि इंजिन तापतं. माझी हिंमत तिथेच संपली.

एप्रिलमध्ये आमच्याकडे तेलंगणात शाळा सकाळच्या अर्ध्या दिवसाच्या असतात, तेलुगूत त्याला ओंटीपूट म्हणतात. दुपारी घर झोपलेलं असतं. अशाच एका दुपारी मी बॉनेट उघडलं, बॅटरीजवळची काळी पेटी उघडली आणि पेट्रोलच्या पंपाचा फ्यूज चिमट्यानं ओढून काढला. नखाएवढा, निळा. तो पर्समध्ये सुट्या पैशांच्या कप्प्यात टाकला. आता स्टार्टर फिरेल पण इंजिन पेटणार नाही. जयंतीच्या आदल्या संध्याकाळी परत बसवीन, 'निघाला दोष' म्हणीन, आणि सांगीन की अशा गाडीचा भरवसा नाही, मध्येच बंद पडली तर मला चाकाशी बसू द्या. किती हुशार मी! चावी मागायची हिंमत नव्हती म्हणून गाडीलाच खोटं बोलायला लावलं. पेटीचं झाकण लावताना माझे हात चोराचे झाले होते.

संध्याकाळी बाबांनी चावी फिरवली. इंजिन नुसतं घुरघुरत राहिलं. पुन्हा फिरवली. मग ते खाली उतरले आणि मला हाक मारली, "ये वं बाई, मुआयना करू."

त्यानंतरच्या त्या दुपारी मला आठवल्या की मान खाली जाते. बाबा बॉनेटमध्ये वाकलेले, मी टॉर्च धरलेली. भर उन्हात टॉर्च, कारण त्यांना दिसत नाही हे दोघंही बोलत नव्हतो. त्यांनी बॅटरीची टोकं काढून बेकिंग सोड्यानं घासली. प्लग काढले, पुसले, परत लावले. एक प्लग हातातून निसटून इंजिनच्या खाचेत पडला तेव्हा त्यांनी बोटांनी चाचपत तो शोधला आणि कोपर खरचटलं. मी म्हटलं, "राहू द्या न बाबा." ते म्हणाले, "राहू कसं देऊ? जयंती हाय."

यंत्र लावलं तर मोबाईलवर सरळ आलं: पेट्रोलच्या पंपाच्या वायरीत दोष. बाबांनी विचारलं, "काय म्हनते?"

"काईच नाही म्हनत," मी म्हटलं.

"अखीन एकदा पाह्य."

मी अखीन एकदा पाहिलं. तेच होतं. "काईच नाही बाबा," मी पुन्हा म्हटलं, आणि त्यांनी मान डोलावली. माझ्या यंत्रावर त्यांचा आता माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता. मला त्या क्षणी स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. पण मी टॉर्च धरून उभी राहिले.

मग ते आत बसले, दार लावलं, चावी अर्धी फिरवली आणि मान तिरकी केली. बराच वेळ तसेच बसले. मी काचेबाहेरून पाहत होते. ते 'हाजर हाय' म्हणाले नाहीत. नुसतं "हूं" म्हणाले आणि चावी काढून घेतली. मला वाटलं, कंटाळले. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या बाईला तेवढं सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तेव्हा बाबा आरामखुर्चीत पडून होते. गाडीचं नाव काढलं नाही. मी विचारलं, "आज मुआयना नाही काय?" तर म्हणाले, "आज नाही. आज विहारात बैठक हाय, तू बी चाल."

बैठकीला वस्तीतली बरीच माणसं होती. झेंडे कुणी आणायचे, खीर कुणाकडे, ढोल कुठले, असं सगळं ठरत गेलं. मग एक म्हातारे गृहस्थ बाबांकडे पाहत म्हणाले, "गाडीचं तं काई बोलाचंच नाही. गाडी म्हंजे आपले साहेब."

बाबा उभे राहिले. कचेरीत अर्ज वाचून दाखवावा तशा आवाजात म्हणाले, "गाडी बंद हाय. माह्याच हातानं बिघडली. आता डोयाले दिसत नाही मले नीट, तरी वायरी छेडत बसलो. चूक माही हाय. माही पोरगी दुरुस्त करून घेईन. अन् यंदापासून तसबिरीची गाडी थेच चालवीन."

मग कुणीतरी मागून म्हणालं, "म्हंजे साहेब आता खरे रिटायर झाले!" सगळे हसले. बाबाही हसले. बायकांमधून कुणीतरी टाळ्या वाजवल्या, बाई गाडी चालवणार म्हणून. माझ्या बाजूला बसलेलीनं माझ्या पाठीवर थाप मारली. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं, आणि मला वर मान करून पाहवत नव्हतं. ज्या माणसाला घरात 'दिसत नाही' एवढे दोन शब्द सांगायला मी घाबरले, त्यानं ते भर बैठकीत स्वतः सांगितले होते, वर न केलेला गुन्हा अंगावर घेऊन.

घरी आल्याबरोबर मी पर्स घेऊन अंगणात गेले. म्हटलं, आधी फ्यूज बसवायचा, मग बाबांसमोर जायचं आणि सगळं ओकून टाकायचं. हात जोडीन, पाय धरीन, पण माझ्या खोट्याचं ओझं त्यांच्या डोक्यावर राहू देणार नाही. बॉनेट उघडलं. काळी पेटी उघडली. निळा फ्यूज चिमट्यात धरून खाचेजवळ नेला.

खाच रिकामी नव्हती. तिथे निळा फ्यूज बसलेला होता.

मला कळेचना. हातातला एक, खाचेतला एक. खाच चुकले का म्हणून झाकणावरचा नकाशा दोनदा पाहिला. खाच तीच होती. गाडीत बसून चावी फिरवली. सीटखाली पंप गुणगुणला. इंजिन एका झटक्यात सुरू झालं.

आवाज ऐकून आई दारात आली. "झाली काय वं पुन्हा चालू?"

"पुन्हा म्हंजे?"

"आज सकाळी तू शाळेत गेल्ती तवा तुह्या बाबानं चालू केल्ती न. मले थो बिस्किटाचा डबा घेऊन बलावलं, म्हने, यातला निळा कोनता थे दे. मी देल्ला. बोटानं चाचपत चाचपत बसवला कुठीसा. मंग चालू करून बसले लय वेळ, अंगनातच. मी म्हटलं, आना बाहीर फिरवून. तं म्हने, नाही. अन् बंद केली." आईनं आत एकदा पाहून आवाज बारीक केला. "तुले सांगू नको म्हनले होते."

मी गाडीतच बसून राहिले. मग सगळं माझं मलाच उलगडत गेलं. त्या दिवशी मान तिरकी करून त्यांनी पंपाची गुणगुण ऐकायचा प्रयत्न केला, ती आली नाही. जुन्या गाडीत फ्यूज जळतो, पण जळालेला फ्यूज खाचेतच राहतो. आपोआप बाहेर निघून जात नाही. त्यांच्या बोटाला रिकामी खाच लागली तेव्हाच त्यांना कळलं असणार की हे गाडीनं केलेलं नाही. घरात ती पेटी उघडता येणारं दुसरं होतं कोण? गाडी सुरू करून ते अंगणात एकटेच बसले होते. पाहिजे तर निघून जाऊ शकले असते. ते बसले, इंजिन ऐकलं, आणि बंद केलं. मग संध्याकाळी विहारात जाऊन चालू गाडी बंद आहे म्हणाले. माणूस खोटं बोलतो, गाडी बोलत नाही असं सांगणारा माझा बाप माझ्यासाठी सगळ्यांसमोर खोटं बोलला.

मी आत गेले. बाबा जेवत होते. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "झाली न दुरुस्त? मले ठाऊक होतं, तू करशीन." आणि आईला म्हणाले, "भाकर दे हिले." मी भाकर खाल्ली. आमच्या घराची रीत त्या रात्रीही मोडली नाही, आणि ती न मोडणारी मीच होते.

जयंतीच्या सकाळी बाबांनी सदरा घातला आणि बाजूच्या सीटवर बसले. चावी त्यांनीच माझ्या हातात दिली. माळा समोरच्या काचेवर लोंबत होत्या, ढोल सुरू झाले, निळ्या गुलालानं बॉनेट माखलं. मी गाडी पायी चालल्यासारखी चालवत होते. पोरं पुढे नाचत होती. बाजाराच्या वळणावर पिवळा दिवा लागला, तोच जुना, इंजिनचा.

"लाईट लागला काय कोनता?" बाबांनी विचारलं. त्यांना कसं कळलं कोण जाणे. बहुधा माझा पाय थबकला असेल.

या वेळी मी खरं बोलले. "लागला बाबा. पिवळा."

"पिवळा हाय तं चालू दे. घरी गेल्यावर मुआयना करू."

ढोलाचा आवाज जरा कमी झाला होता. मला वाटलं, हीच वेळ आहे, आता नाही तर कधीच नाही. मी त्यांच्याकडे वळून म्हटलं, "बाबा, तो फ्यूज..."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. धूसर झालेले डोळे रस्त्यावर लावून, हात डॅशबोर्डवर ठेवून ते म्हणाले, "समोर पाह्य माय. लेकरं हायेत समोर."